स्पगेटी शर्टावर न सांडता कशी खायची? (व्याह्यांकडं जायचंय)

फलटणचा मास्तर | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसू आलं तर हसून घ्या, पण हसून झाल्यावर उत्तर द्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर, वय ६७. धाकटा मुलगा सात वर्षं इटलीत आहे आणि त्यानं तिथलीच मुलगी पसंत केलीय. मुलगी चांगली आहे, मराठी शिकतीय, फोनवर मला 'बाबा, जेवलात का' विचारते. तिचे आईवडील नेपल्सजवळ राहतात. ऑक्टोबरात आम्ही दोघं तिकडं जाणार आणि पहिल्याच रविवारी व्याह्यांकडं दुपारचं जेवण. मुलगा म्हणतो, आपल्याकडं बैठक होते ना, तसं तिकडं हे जेवणच. तीन तास चालतं म्हणे.

जेवणात स्पगेटी असणार. इथंच घोडं अडलंय.

सराव म्हणून थोरल्या मुलीनं मागच्या रविवारी आम्हाला पुण्यातल्या एका हॉटेलात नेलं. पुढ्यात ताट आलं. काटा खुपसला, उचलला, तर ताटातलं सगळं जंजाळ एकदम वर आलं. खाली काही उरलंच नाही. परत ठेवलं. मग चारच दोऱ्या उचलल्या, तोंडात धरल्या आणि ओढल्या. शेवटच्या दोरीनं आत जाता जाता असा फटकारा मारला की एक ठिपका चष्म्याच्या काचेवर आणि दुसरा पांढऱ्या शर्टाच्या खिशावर, पेनाच्या शेजारी. सौ.ला हसू आवरेना. तेवढ्यात वेटरनं न मागता सुरी आणून ठेवली. शर्टाचं काही नाही, धुतला. ती सुरी मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

अहो, मी गबाळा जेवणारा माणूस नाही. वडिलांचा दंडक होता, जेवताना बोटाचं दुसरं पेर ओलं होता कामा नये. पंगतीत पत्रावळीवर भाताचं आळं करायचं, त्यात आमटी घ्यायची आणि एक ओघळ बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो. आणि आता या वयात एका काट्यापुढं शेंबडं पोर झालोय.

तर विचारायचं ते असं. डाव्या हातात चमचा धरून त्यात काटा फिरवतात, ते बरोबर का? तोंडाबाहेर दोऱ्या लोंबल्या तर दातानं तोडायच्या की ओढायच्या? आवाज झाला तर चालतो का? मी माळकरी आहे. मांसमच्छी चालत नाही हे मुलानं तिकडं सांगून ठेवलंय, पण आणखी काही अडचण येते का? सौ. म्हणते, मुलाला सांगून आखूड नळ्यांचा पास्ता करायला लावा. तेवढं मात्र मी करणार नाही.


कट्ट्यावरचा ठाणेकर | रविवार, रात्री १०.०५

काका, एवढं काय त्यात? सुरीनं उभं-आडवं कापायचं आणि चमच्यानं पोह्यासारखं खायचं. नाहीतर शिजवायच्या आधीच मोडून टाका म्हणावं. आम्ही हॉस्टेलवर मोडूनच टाकायचो, पातेलंच लहान होतं.


नापोलीची सून | रविवार, रात्री ११.५०

ठाणेकर, तुम्ही नेपल्सला येऊ नका. आलात तर निदान माझी ओळख सांगू नका.

मास्तरकाका, मी मूळची मिरजेची, लग्न होऊन इथे येऊन बारा वर्षं झाली. माझंही पहिलं जेवण असंच होतं. सासूबाईंनी मला एका शब्दानं काही शिकवलं नाही. त्यांनी माझ्या शेजारी सहा वर्षांच्या भाच्याला बसवलं आणि मोठ्या आवाजात त्याला शिकवायला लागल्या. त्या पोराला ते सगळं आधीच येत होतं! तो आपला आजीकडे चक्रावून बघतोय आणि मी खाली मान घालून ऐकतेय. त्या दिवशी जे कानावर पडलं तेच सांगते.

'पोकी, पोकी.' म्हणजे थोड्या, थोड्या. सगळा खेळ इथेच आहे. तुम्हाला वाटतं तुम्ही चार दोऱ्या घेतल्या, पण एकेक दोरी साधारण वीतभर किंवा थोडी जास्तच लांब असते आणि प्रत्येक दोरी आणखी तिघींना धरून बसलेली असते. म्हणून काटा मधोमध खुपसायचा नाही. ढिगाच्या कडेला जायचं, काट्याच्या टोकानं तीन-चार दोऱ्या वेगळ्या करायच्या आणि ताटाच्या कडेकडे ओढून घ्यायच्या, जिथे थोडी रिकामी जागा असेल. नसेल तर आधी जागा करायची. पास्त्याचं ताट इथे खोलगट असतं, त्याचा उतार हाच तुमचा चमचा.

मग काटा उभा करायचा. अगदी उभा, दाते ताटाला टेकलेले. मूठ वळून धरायचा नाही, अंगठा आणि पहिली दोन बोटं एवढ्याच चिमटीत. आणि फिरवायचा, एकाच दिशेनं. मनगट फिरवायचं नाही, फक्त बोटं. चार-पाच वेढ्यांत गुंडाळी तयार होते. या वेळी काटा उचलायची घाई झाली की घात. अजून एखादं शेपूट ढिगात अडकलेलं असतं. काटा दोन-तीन बोटं वर घ्या, शेपूट आपोआप सुटून येतं, परत खाली टेकवून तेवढं गुंडाळून घ्या. गुंडाळी सुपारीएवढी झाली तर तोंडात. लिंबाएवढी झाली तर निमूट सोडून द्यायची आणि पुन्हा दोनच दोऱ्यांपासून सुरुवात. कोणी बघत नाही. माझे सासरे ऐंशीचे आहेत, तेसुद्धा एखाद्या वेळी सोडून देतात.

चमच्याचं म्हणाल तर मागितलात तर कोणी नाही म्हणणार नाही, पण तो मुलांसाठी आणि पाहुण्यांसाठी. तुम्हाला पाहुणा व्हायचं नाहीये असं दिसतंय. सुरी तर नकोच. एक-दोन इंचाचं शेपूट बाहेर राहिलं तर ओठांनी अलगद, आवाज न करता आत घ्यायचं. जपानात सुर्र करून नूडल खाल्ले तर चालतं, इथे नाही. दातानं तोडून अर्धं ताटात पाडणं हे सगळ्यात वाईट.

अजून एक. पास्ता पुढ्यात आला आणि सगळे 'ब्वोन आप्पेतीतो' म्हणाले की लगेच खायला लागा. फोटो, गप्पा नंतर. पास्ता निवला की दोऱ्या एकमेकींना चिकटतात आणि मग तुमच्या हॉटेलात झालं तसा आख्खा गड्डाच काट्याला येतो. आणि पोट राखून ठेवा. पास्ता हा पहिला पदार्थ, त्यानंतर खरं जेवण आहे. मी पहिल्या वेळी दोनदा वाढून घेतलं आणि पुढे डोळे पांढरे झाले.

माळेचं: टोमॅटोची साधी स्पगेटी सांगा, वर बाझिलिकोची पानं असतात. ते रोप म्हणजे आपला सब्जा, तुळशीच्या कुळातलाच, तेव्हा ओळखीचा वास येईल. अडचण वरून भुरभुरतात त्या चीजची. पार्मिज्यानो करताना दूध साकळायला वासराच्या जठरातला अर्क वापरतात. बहुतेक इटालियन माणसांच्या हे डोक्यातही येत नाही, ते चीज शाकाहारीच धरतात. तेव्हा 'सेन्त्सा फोर्माज्जो, ग्रात्सिये', म्हणजे 'चीजशिवाय, धन्यवाद', एवढं पाठ करा. आणि सॉस काळ्या ऑलिव्हचा असेल तर त्यात बारकी खारवलेली मासळी विरघळलेली असू शकते. विचारून घ्या, दिसत नाही.

शेवटी ताटात जो सॉस उरतो तो पावाच्या तुकड्यानं पुसून खातात, त्याला 'स्कार्पेत्ता' म्हणतात, शब्दशः 'छोटासा बूट'. थाटाच्या हॉटेलात करत नाहीत, पण घरी केलंत तर विहीणबाई खूश.

आणि त्या काट्याचं फार मनावर घेऊ नका. याच शहरात एकोणिसाव्या शतकात लोक रस्त्यावर उभे राहून हातानं लांब मॅकरोनी खायचे. मान मागे टाकायची, हात वर धरायचा आणि वरून तोंडात सोडायची. जॉर्जो सॉमर या छायाचित्रकाराचे तसे फोटो आहेत, इथल्या दुकानांत पोस्टकार्डावर मिळतात. आखूड आणि चार दात्यांचा काटा नेपल्सच्या राजदरबारात पास्त्यासाठीच निघाला अशी कथा सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण इथे हे कोणी हसत सांगत नाही.


भौतिकवाला | सोमवार, सकाळी ७.१५

मास्तर, तुमच्या चष्म्यावरच्या ठिपक्याला शास्त्राधार आहे. जॉर्ज कॅरियर नावाच्या गणितज्ञानं १९४९ साली 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली' या गणिताच्या मासिकात यावर लेख लिहिला होता, नावच 'द स्पगेटी प्रॉब्लेम'. दोरी थोडी हलत असताना तुम्ही ती आत ओढता. बाहेरची लांबी कमी कमी होत जाते, पण हलण्याची ऊर्जा कुठे जात नाही, ती उरलेल्या तुकड्यात गोळा होते. वरून ओढण्याच्या कामातली थोडी भर पडते. त्यामुळे टोक जितकं जवळ येतं तितकं जोरात झोडपतं. चाबकाच्या वादीचं टोक कडाडतं त्याच्याच नात्यातली गोष्ट. म्हणजे हळू ओढलंत तर फटका कमी, आणि मोकळं टोकच ठेवलं नाहीत तर फटकाच नाही. सूनबाईंचं 'शेपूट गुंडाळून घ्या' हे म्हणून बरोबर.

ठाणेकर, मोडण्यावरही संशोधन आहे. कोरडी काडी दोन्ही टोकांना धरून वाकवली तर दोन तुकडे होत नाहीत, तीन किंवा जास्त होतात. रिचर्ड फाइनमन या नामवंत भौतिकशास्त्रज्ञांनाही हे कोडं पडलं होतं. २००५ मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी उलगडा केला: पहिल्यांदा मोडताक्षणी सुटलेल्या टोकाकडून एक लाट काडीभर धावते आणि ती दुसरीकडे मोडते. त्यांना पुढच्या वर्षी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. तिसरा तुकडा गॅसच्या शेगडीखाली जातो, तो कसा शोधायचा यावर अजून काही आलेलं नाही.


पळी आणि झारा | सोमवार, दुपारी ३.३०

नऊ वर्षं हॉटेलांच्या स्वयंपाकघरात काढली, त्यातली चार इटालियन विभागात. मास्तर, तुम्ही उगाच स्वतःला बोल लावताय. तुमच्या ताटात काय आलं असेल ते मी न बघता सांगतो. सकाळीच उकडून ठेवलेली स्पगेटी, चिकटू नये म्हणून गार पाण्यानं धुतलेली, वर तेल चोळलेली. ऑर्डर आली की गरम पाण्यात बुडवून ताटात, आणि वरून सॉसचा एक डाव. तेल लावल्यावर सॉस धरणार कशाला? तो खाली बसतो, दोऱ्या निसरड्या होतात आणि शिंतोडे उडतात. असली स्पगेटी भलेभले नीट खाऊ शकत नाहीत. गर्दीच्या वेळी हे मीही केलंय, खोटं कशाला बोलू.

घरी सराव करायचा तर नीट करा. तिकडचा हिशेब सोपा आहे: शंभर ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि दहा ग्रॅम मीठ. एवढं मीठ बघून काकू ओरडतील, पण बहुतेक पाण्याबरोबरच जातं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दीड-दोन मिनिटं आधी काढायची. चावली तर मध्ये किंचित कणी लागली पाहिजे. धुवायची नाही. ते पांढरट पाणी फेकायचंही नाही. कढईत सॉस गरम करून ठेवा, स्पगेटी थेट त्यात टाका, वर त्या पाण्याची एक पळी घाला आणि मोठ्या आचेवर हलवत राहा. पाण्यात पिठाचा अंश असतो, त्यानं तेल आणि टोमॅटो एकजीव होऊन दोरीला लेप बसतो. ताटात साठलेलं पाणी दिसलं नाही की समजा जमलं. लेप बसलेली दोरी झोडपली तरी उडत नाही.

पाकीट घेताना काडी हाताला लावून बघा. गुळगुळीत चकाकणारी नको, पिठाळ खरखरीत हवी. पितळी-कांशाच्या साच्यातून काढलेली तशी असते आणि सॉस धरते. नेपल्सजवळचं ग्रान्यानो गाव याच पास्त्यासाठी नावाजलेलं आहे. तुमच्या विहीणबाई बहुतेक तोच आणतील.


फलटणचा मास्तर | सोमवार, रात्री ८.२०

सगळ्यांचे आभार. नापोलीच्या सूनबाई, तुमचं उत्तर मी वहीत उतरवून काढलं आणि मग सौ.ला वाचून दाखवलं. काटा उभा, चिमटीत, फक्त बोटं फिरवायची, एकाच दिशेनं, इथपर्यंत आलो आणि ती म्हणाली, 'अहो, ही तर टकळी.'

टकळीच! आम्ही सहावीत असताना शाळेत सूतकताई होती. डाव्या हातात पेळू (पिंजलेल्या कापसाची वळी), उजव्या हाताच्या चिमटीनं टकळीला गिरकी द्यायची. मनगट फिरवलं की गुरुजी पट्टी मारायचे आणि घाईनं ओढलं की सूत तुटायचं. सूत काढून झालं की टकळी उभी धरून ते तिच्यावर गुंडाळायचं. पुढं मास्तर झालो तोवर टकळ्या कपाटात गेल्या होत्या, पण बोटं विसरलेली नाहीत बहुतेक. आत्ता बसल्या बसल्या रिकामा काटा फिरवून बघितला.

स्पगेटीचं पाकीट इथं एका दुकानात मिळालं, महाग आहे. म्हणून आधी कोरडा सराव. सौ.च्या विणकामातली लोकर घेतली, फूटपट्टीनं २५ सेंटिमीटरचे चाळीस तुकडे केले आणि खोलगट थाळीत टाकले.


दादरची परीट | सोमवार, रात्री ९.१०

लोकर!! मास्तर, तुम्ही ग्रेट आहात.

डागाचं कोणी सांगितलं नाही म्हणून. टोमॅटो आणि तेल दोन्ही असतं, त्यामुळे नुसत्या पाण्यानं जात नाही. जेवताना पडला तर आधी वर बसलेलं चमच्याच्या कडेनं उचलून घ्या, रुमालानं चोळू नका, चोळलं की सुतात जिरतं. घरी आल्यावर कापड उलटं करून मागून गार पाण्याची धार, मग भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं तसंच, आणि धुऊन उन्हात. हळदीचा डाग उन्हानं उडतो ना, तसा टोमॅटोचा लालसरपणाही ऊन खातं. इस्त्री डाग गेल्याशिवाय अजिबात नाही.


कट्ट्यावरचा ठाणेकर | सोमवार, रात्री ९.३०

माझा सल्ला मागे घेतो. शेगडीखालचा तुकडा सापडला, २०१९ चा असावा.


फलटणचा मास्तर | पुढच्या आठवड्यात शनिवार, रात्री १०.००

अहवाल देतो.

लोकरीवर चार दिवस. लोकर एकमेकीत फार गुंतते, त्यामुळे खऱ्यापेक्षा अवघड, हे सरावाला चांगलंच. पहिल्या दिवशी चाळीसच्या चाळीस एकदम वर. तिसऱ्या दिवशी कडेच्या तीन सुटायला लागल्या. शेजारचे दुपारी पेपर मागायला आले, मी काट्यानं लोकर गुंडाळतोय हे बघून पेपर न घेताच गेले. परत आलेले नाहीत.

आज खरी केली, 'पळी आणि झारा' यांच्या हिशेबानं. मिठावरून व्हायचं तेच झालं. सौ.नं दहा ग्रॅम वजन करून दाखव म्हणून सोनाराकडं जायला सांगितलं. पाणी राखून ठेवलं, कढईत हलवलं. सॉस दोरीला खरोखर बसतो! ताट पुसल्यासारखं कोरडं. हॉटेलातली आठवली आणि माझ्यावरचा निम्मा डाग तिथंच धुऊन निघाला.

जेवायला बसताना मुद्दाम तोच पांढरा शर्ट घातला. पहिल्या दोन गुंडाळ्या लिंबाएवढ्या झाल्या, सोडून दिल्या. तिसरी सुपारीएवढी. काटा वर घेतला, शेपूट सुटलं, परत टेकवून गुंडाळलं, तोंडात. एक थेंब नाही. पुढं लागोपाठ अकरा गुंडाळ्या, बाराव्याला बोलण्याच्या नादात मनगट फिरवलं आणि टेबलावर एक शिंतोडा. गुरुजी आठवले.

सौ.नं नेपल्सचे ते फोटो मुलाकडून मागवून घेतले आणि हातानं खाल्ली. मान मागं टाकून, वरून सोडून. तिचं एक पेरसुद्धा ओलं झालं नाही. व्याह्यांकडं असं करू नकोस म्हटलं तर म्हणते, पुरावा बरोबर नेणार आहे.

एकच शेवटचं विचारायचं राहिलं. थोरली मुलगी म्हणते, त्या दिवशी गडद रंगाचा शर्ट घाला, जोखीम नको. तपकिरी एक आहे. काय करू?


नापोलीची सून | शनिवार, रात्री ११.१५

पांढराच घाला, काका. पेन तेवढं खिशात ठेवू नका.